फुली खाली

भात पिवळं पडायला लागलं की माझं एका जागी बूड टेकत नाही. पावसाळाभर मी बरी असते. वर्गात शिकवते, वह्या तपासते, घरी येऊन भाजी निवडते. पण दसरा उलटतो, आसनगावच्या रुळांपलीकडची खाचरं हिरव्याची पोपटी आणि पोपटीची पिवळी होतात, दुपारच्या वाऱ्याबरोबर पिकल्या भाताचा तो गोडूस, थोडा धुळकट वास खिडकीतून आत येतो आणि मी हातातलं काम टाकून उठते. कशासाठी उठले ते आठवत नाही. कपाट उघडते, बंद करते. चहाचं आधण ठेवते आणि गच्चीवर निघून जाते. नवरा म्हणतो, "सुरू झाला का गं तुझा ऑक्टोबर? पायाला भिंगरी लावल्यासारखी काय फिरतेस घरभर! जा एकदाची धसईला, काप दोन दिवस भात, आणि ये शांत होऊन."

त्याला वाटतं, मला माहेरची ओढ लागते. लागते, नाही असं नाही. पण माहेरची ओढ लागली की बाई गुमान पिशवी भरते, अशी घरभर आपटत-धोपटत फिरत नाही. या दिवसांत माझ्या अंगात जे शिरतं ते माहेर नव्हे. ती पाच वर्षांपूर्वीची एक कापणी आहे, आणि त्या कापणीच्या मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढा, काचेसारखा आरपार दिसणारा एक तुकडा आहे.

तेव्हा मी मुंबईत विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होते. आमचा गट लहान. सर, मी आणि विद्याधर. विद्याधर परभणीकडचा, माझ्याहून दोन वर्षांनी पुढे, बोलणं कमी आणि काम फार. रागावला की तो बोलायचा थांबायचा आणि भांडी घासायचा, म्हणजे प्रयोगशाळेतली काचेची. त्याच्या रागाच्या दिवसांत आमच्याकडची भांडी लखलखत असत.

आमचं काम सिलिकॉन कार्बाइडचं. नाव ऐकून बिचकू नका. वाळू आणि कोळसा यांना भयंकर आचेत एकत्र नांदायला लावलं की जे होतं, ते. गावात विळ्याला धार लावायला मुरबाडच्या बाजारातून काळा दगड आणतात, त्यातही बहुतेकदा हेच असतं. आई तर पाहुण्यांना बिनदिक्कत सांगायची, "आमची नंदा इळ्याच्या दगडाचं शिकते." आम्हाला हवा असायचा तो मात्र त्याचा निखळ स्फटिक. त्यातून विजेचे असे स्विच घडवायचे, की जे हजारो व्होल्ट झेलतील, तापले तरी डगमगणार नाहीत आणि वीज इकडून तिकडे देताना फुकटची उष्णतेत घालवणार नाहीत. माझे वडील, आप्पा, मुरबाड तालुक्यात वायरमन. तीस वर्षं खांबावर चढलेला माणूस. त्यांनी माझं सगळं व्याख्यान ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ह्या दगडानं धसईचं लोडशेडिंग जाल काय?"

"अजून वीस वर्षं तरी लागतील, आप्पा."

"मंग तवर कंदिलाची काच पुसून ठेव," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

स्फटिकाची चकती परदेशातून यायची. बांगडीच्या आत मावेल एवढी, पातळ, किंचित हिरवट. ती आली की सर डबी दोन्ही हातांनी धरून आत न्यायचे, नैवेद्याचं ताट नेतात तशी. या चकतीला दोन तोंडं. एका तोंडावर सिलिकॉनचे अणू वर, दुसऱ्यावर कार्बनचे. बघायला दोन्ही अगदी सारखी. पण भट्टीत घातलं की दोघांचे स्वभाव कळतात. सिलिकॉनच्या बाजूला वीज अडवणारा काचेचा थर हळूहळू, बेतानं चढतो, आणि कार्बनच्या बाजूला भराभरा, कितीतरी पट जाड. आम्हाला हवा असायचा तो बेताचा. पूर्ण चकतीच्या कडेला एक सपाट काप असतो, त्यावरून कुठलं तोंड वर आहे ते समजतं. पण एवढ्या मोलाची चकती आम्ही अख्खी थोडीच वापरणार! तिचे लहान तुकडे करायचे, आणि तुकडे झाले की ती खूण गेली. म्हणून आमच्या गटाचा एक रिवाज होता. प्रत्येक तुकड्याच्या मागच्या, म्हणजे कार्बनच्या तोंडावर, एका कोपऱ्यात, हिऱ्याच्या टोकानं बारीक फुली ओरखडायची. भट्टीत ठेवताना फुली खाली. आणि ठेवल्यावर वहीत तुकड्याचा नंबर लिहून पुढे दोन शब्द लिहायचे, 'फुली खाली'. पाच वर्षांत मी ते इतक्या वेळा लिहिले असतील, की हात आपोआप चालायचा.

आणखी एक रिवाज. भट्टीत प्रत्येक खेपेला दोन तुकडे शेजारी शेजारी जायचे. एक कामाचा, एक नुसता मोजायचा. थर किती जाड बसला ते मोजायच्या तुकड्यावर मोजायचं आणि तेच कामाच्या तुकड्याचं धरायचं. कामाच्या तुकड्याला जितका कमी हात लागेल तितकं बरं.

त्या वर्षी गणपतीनंतर विद्याधर तापानं पडला. चकतीतला कामाचा शेवटचा तुकडा त्याच्या वाट्याचा होता आणि भट्टीचा नंबर लागला होता. नवी चकती यायला मार्च उजाडणार. विद्याधरची शिष्यवृत्ती डिसेंबरात संपत होती. परभणीच्या एका कॉलेजनं त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती, अट एवढीच की वर्ष संपायच्या आत प्रबंध सादर झाला पाहिजे. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या तुकड्यावर अडलं होतं. वसतिगृहातून त्यानं मला फोन केला. घसा बसलेला. म्हणाला, "नंदा, माझा तुकडा तू लावशील? दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला मन होईना."

हे वाक्य मला इतकं आवडलं होतं! आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

तुकडा धुताना चिमट्यात त्याचा कोपरा तुटला. राईच्या दाण्याएवढा कण, टचकन उडाला आणि पाण्याबरोबर मोरीत गेला. नेमका फुलीचा कोपरा. मी दचकले, तुकडा कागदावर ठेवला, मोरीत वाकून बघितलं. तेवढ्यात भट्टी तापल्याची शिटी वाजली, मी जाऊन वायूचा नळ बघून आले, आणि परत येऊन तुकड्यासमोर उभी राहिले. आता कुठलं तोंड वर होतं? जसा उचलला होता तसाच ठेवला असणार, मी स्वतःला सांगितलं. असणारच. मी कधी उलटा ठेवते का? भट्टी तापलेली, वायू वाहता, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गटाचा नंबर. मी तुकडा आत सारला. वही ओढली आणि हात आपोआप चालला: 'फुली खाली.' जी फुली नव्हतीच, ती मी खाली लिहिली.

तेव्हाच लिहायला हवं होतं की कोपरा तुटला. एक ओळ. पण लिहिलेलं खोडायचं म्हणजे सर विचारणार, विद्याधर विचारणार. उद्या सांगू, म्हटलं. उद्याचा परवा झाला, आणि तिसऱ्या दिवसापासून सांगायचं म्हणजे उशिरा का सांगितलं तेही सांगावं लागणार होतं. खोटं बोलणाऱ्याला सुरुवातीला फारसं काही करावं लागत नाही. नुसतं गप्प बसावं लागतं.

विद्याधर बरा होऊन आला. मागच्या बाजूचा थर त्यानं ॲसिडात टाकून काढला, पुढच्या बाजूला धातूचे ठिपके बसवले आणि मोजायला बसला. व्होल्ट वाढवत नेले तरी थर फुटेना. आणखी वाढवले, तरी फुटेना. शेजारच्या तुकड्यावर मोजलेल्या जाडीचा थर इतकं झेलूच शकत नाही, असं सगळी पुस्तकं सांगत होती, आणि आमचा थर झेलत होता! सर खुर्चीतून उठले. "अरे, इतका मजबूत थर मी अजून पाहिला नाही. विद्याधर, काय केलंस काय तू?" त्यांनी सगळ्या मजल्याला बटाटेवडे मागवले. माझ्या हातातला वडा हातातच राहिला. जाड थर जास्त झेलणारच, त्यात कौतुक कसलं? तुकडा पालथा गेला असेल तर आकडा नेमका एवढाच यायला हवा होता. मी मनातल्या मनात तीनदा हिशेब केला आणि तिन्ही वेळा तो जुळला.

विद्याधर वडा खात नव्हता हे मी पाहिलं. मला वाटलं, तापातून उठलाय, तेलकट नको असेल.

सरांनी लगेच ठरवलं, पेपर लिहायचा, दिवाळीनंतर पाठवायचा. त्याच सुमाराला भट्टी दुरुस्तीसाठी आठ दिवस बंद ठेवली. मी कापणीला गावी निघाले, तर विद्याधर म्हणाला, "मी येऊ का? इथं वसतिगृहात लिहायला सुचत नाही. अन् भात कापताना कधी बघितलेलं नाही. आमच्याकडं ज्वारी अन् कापूस." नाही कसं म्हणणार? कागदांची पिशवी खांद्याला लावून तो माझ्याबरोबर धसईला आला, आणि जो घोर मी मागे सोडणार होते तोच एसटीत माझ्या शेजारी बसला.

ते आठ दिवस माझ्या अंगावर अजून ताजे आहेत. सकाळी खाचरात उतरलं की दव इतकं, की परकर गुडघ्यापर्यंत भिजायचा. झिणीचं भात, बारीक दाण्याचं, ओंब्या वाकलेल्या. विळा बुडाशी लागला की खस्स असा आवाज, मग मूठ आडवी टाकायची, पुन्हा खस्स. पात्यांनी हाताला बारीक चरे पडतात आणि घाम लागला की चुरचुरतात. खालच्या ओलीत खेकड्यांची बिळं, मागून बगळे टपलेले, तारेवर कोतवाल पक्षी. दहा वाजले की ऊन असं चढतं, की पिवळा रंग डोळ्यांत जातो. आमच्या प्रयोगशाळेतही एक पिवळ्या दिव्याची खोली होती, तिथं दुसरा कुठलाच उजेड चालत नसे. खाचरात उभं राहून मला सारखी ती खोली आठवायची. प्रयोगशाळेत असताना वर्षभर खाचर आठवायचं. कुठंही असले तरी मन दुसरीकडे, अशी माझी गत.

कापणीला ठाकरवाडीतून सात-आठ जणी यायच्या. त्यांची मुकादम चांगुणामावशी. तिनं विद्याधरचा विळा धरायचा थाट बघितला आणि कपाळाला हात लावला. "अरे पोरा, दाबू नको, वड आपल्याकडं! आनि बोटां मागं घे. भाकर कशानं खाशील?" बायका फिदीफिदी हसल्या. तोही हसला. पण दोन दिवसांत त्यानं बऱ्यापैकी हात बसवला, तळव्याला फोड आले तरी सोडलं नाही. दुपारी वीज नसायची. सगळे सावलीला आडवे झाले की हा ओट्यावर मांडी घालून हातानं पेपर लिहायचा. मी आतून बघायची. चार ओळी लिहायचा, थांबायचा, दोन खोडायचा. मी पाणी द्यायच्या निमित्तानं जायची, ओठ उघडायची, आणि विचारायची, "गूळ हवाय का?" त्या आठ दिवसांत त्यानं किती गूळ खाल्ला असेल!

माझं जेवण सुटलं होतं. आई म्हणाली, "काय गो, भात चिवडत बसलेस नुसती? खाई त्याला खवखवं, तसा काय झालाय तुला?" ती सहज म्हणाली. तोंडात म्हण येऊन बसलेली असते तिच्या. मी ताटावरून उठले आणि विहिरीवर जाऊन नको असलेलं पाणी शेंदत बसले.

एका दुपारी भाकरीच्या वेळी चांगुणामावशीनं विद्याधरला विचारलं, "तू शिकतस तरी काय रे?" त्याच्या पाकिटात टाकाऊ चकतीचा एक तुकडा असायचा, तो त्यानं तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो उन्हात धरला, त्यातून माझ्याकडं बघितलं, फिरवला, पुन्हा फिरवला.

"काचच हाय की! ह्याला उलटा-सुलटा नाय काय?"

"असतो मावशी," तो म्हणाला. "पण दिसत नाही."

"मंग तुमी वळखता कसा?"

"ज्यानं ठेवला त्याच्या शब्दावर."

माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. मी भाकरीचा तुकडा मोडला तो मोडतच राहिले, चुरा झाला. त्याला काही माहीत आहे, असं मला तेव्हा क्षणभरसुद्धा वाटलं नाही, इतकी मी माझ्याच भीतीत बुडालेली. उलट मला वाटलं, किती विश्वास आहे याचा!

पाचव्या दिवशी अजून उजाडलं नव्हतं, तोच विजा कडाडून पावसाची सर येऊन गेली आणि वैशाखरे गावाजवळ झाड तारेवर पडलं. आप्पा पहाटेच कामावर गेले होते. आईनं आम्हा दोघांकडं त्यांचा डबा दिला. आम्ही पोचलो तेव्हा काम आटोपलं होतं, माणसं खांबावरून उतरली होती. अशा कामाआधी सबस्टेशनकडून परमिट घेतात, म्हणजे लाइन बंद ठेवल्याचा शब्द. काम झालं की ते परत करायचं, मगच तिकडे बटण दाबतात. आप्पा खाली उतरून घाम पुसत होते. त्यांचे जोडीदार वामनकाका म्हणाले, "तुमी जेवा निवांत, फोन करून मी सांगतो, झाला म्हनून."

"नाय," आप्पा म्हणाले. "परमिट माझ्या नावावर. मीच सांगनार."

"अरे, मी बघितलंय ना सगलं उतरलंत ते!"

"तू बघितलंस. घेतलं मी. ज्यानं घेतलं त्यानंच तोंडानं परत दिल्याबिगर लाइन चालू नाय करायची. वामन, तीस वर्सं झाली, अजून तुला सांगू काय?"

त्यांनी हात धुतले, स्वतः फोनवर बोलले, मग डबा उघडला. मला भारी राग आला. कुणाचा, ते कळेना. उपदेश ऐकायला मी आले नव्हते, आणि आप्पांनी तो मला केलाही नव्हता. त्यांना कुठं काय माहीत होतं! परतीच्या एसटीत विद्याधर खिडकीबाहेर बघत होता, मी माझ्या नखांत अडकलेली भाताची कुसळं काढत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी माळशेजच्या बाजूनं आभाळ काळंनिळं झालं. कापून आडवं पडलेलं भात रानात होतं. ते भिजलं की दाणा काळा पडतो, कोंब फुटतो. मग काय विचारता! आई ओरडतेय, चांगुणामावशी ओरडतेय, सगळ्याजणी भारे बांधून डोक्यावर घेऊन खळ्याकडं धावतायत. वारा सुटलेला, कोंडा डोळ्यांत जातोय. मी आणि विद्याधर एकाच खाचरात वाकून भारे आवळत होतो. त्यानं भारा माझ्या डोक्यावर चढवायला उचलला, आणि मी म्हणाले, "थांब. तुझा तुकडा पालथा गेलाय."

भारा त्याच्या हातात तसाच.

"कोपरा तुटला होता. फुली गेली. मी अंदाजानं ठेवला, आणि वहीत खोटं लिहिलं. आकडा खरा नाही, विद्याधर. थर जाड आहे, म्हणून टिकतोय."

तो भारा त्यानं खाली ठेवला. सावकाश, अंडी ठेवतात तसा.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"काय?"

"फुलीचा कोपरा नव्हता, तरी वहीतल्या तुझ्या शब्दावर मागचा थर काढायला ॲसिडात टाकला, तो नेहमीच्या अर्ध्या वेळेच्याही आत निघाला. मागची बाजू कार्बनची असती तर एवढ्या लवकर निघाला असता का? त्याच दिवशी समजलं."

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं माझ्याकडं जे बघितलं, ते मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. "तू कशाला बोलायलीस?" तो म्हणाला. "मला एकट्याला माहीत होतं तवर चाललं असतं."

पहिले थेंब टपटप पडले. आई खळ्यावरून हाका मारत होती, "अगो नंदे, भारं! भारं आना!" त्यानं भारा उचलून माझ्या डोक्यावर ठेवला, दुसरा स्वतःच्या घेतला, आणि आम्ही धावलो. बारा-तेरा खेपा केल्या असतील. बहुतेक भात वाचलं. आईनं विद्याधरच्या पाठीवर थाप मारली, "चांगला लेक हाय गो!" म्हणाली. तो हसला नाही. ओट्यावरचे त्याचे कागद वाऱ्यानं अंगणात गेले होते आणि चिखलात भिजले होते. ते गोळा करायला तो उठला नाही, मीही उठले नाही.

मुंबईला परतल्यावर आम्ही दोघं सरांसमोर उभे राहिलो. मी सांगितलं. विद्याधरनं ॲसिडाचं सांगितलं, आणि ते कधी कळलं तेही सांगितलं. ते त्याला सांगायची गरज नव्हती. सरांनी वही मागवली, ते पान काढलं. "हे अक्षर तुझं?" मी हो म्हटलं. "खोड. सही कर, आजची तारीख घाल. आणि खरं काय ते खाली लिही." मी लिहिलं, 'कोपरा तुटला, तोंड माहीत नाही.' मग विद्याधरनं स्वतः थराची एक कड ॲसिडानं उतरवून जाडी मोजली. तुकडा पालथाच होता. सर ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ते नुसते म्हणाले, "उद्यापासून दोन कोपऱ्यांत दोन फुल्या," आणि चष्मा पुसत खिडकीकडे वळले.

त्या आठवड्यात प्रयोगशाळेतली सगळी भांडी लखलखत होती.

डिसेंबर संपला. परभणीच्या कॉलेजनं जागा दुसऱ्याला दिली. मार्चमध्ये चकती आली खरी, पण तोवर शिष्यवृत्ती नाही, घरी आईला पैसे पाठवायचे, किती दिवस थांबणार? आप्पांच्या ओळखीनं मुरबाडच्या एका कारखान्यात त्याला काम मिळालं, ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीचं. चांगलं काम आहे, पगार आहे. पण प्रबंध राहिला तो राहिला. मी माझा पुरा केला, त्या चकतीवर, दोन दोन फुल्या ओरखडून. पदवीच्या दिवशी आईनं पेढे वाटले. मी एकही खाल्ला नाही, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणजे खरं बोलून मी काय केलं? एका माणसाची जागा घालवली. आणि न बोलते तर? तर एक खोटा आकडा छापून आला असता, कुणीतरी कुठंतरी त्यावर विसंबून वर्ष-दोन वर्षं फुकट घालवली असती. हे सगळं मला समजतं. वर्गात मुलांना मी तेच सांगते, प्रामाणिक नोंद ठेवा म्हणून, आणि मुलं मान डोलावतात. पण ऑक्टोबर आला की हे समजणं कामाला येत नाही. एकच प्रश्न कुसळासारखा टोचत राहतो. मी बोलले नसते, तर त्यानं तो पेपर पाठवला असता का? की ऐनवेळी तोच थांबला असता? तो थांबणार असेल तर माझं बोलणं उगाच झालं, आणि तो पाठवणारच होता असं पाच वर्षं मी त्याच्याबद्दल जे समजत आले तेही खोटं ठरेल. आणि तो पाठवणार असेल, तर निदान मी त्याला काही तरी चुकीचं करण्यापासून अडवलं. असं काहीबाही मी भांडी लावताना, बस धरताना, भर वर्गात खडू हातात धरून घोळवत असते.

मागच्या रविवारी मी धसईला गेले होते. बाजाराचा दिवस, नव्या तांदळाची पोती उघडलेली, वालाच्या शेंगा, रताळी, बोंबलांचा वास, माणसांचा कालवा. एसटीच्या थांब्याजवळ विद्याधर दिसला. आता मुरबाडलाच राहतो, लग्न झालंय, मुलगी आहे. केस थोडे विरळ झालेत. झिणीचा तांदूळ न्यायला आला होता. "परभणीला सांगितलं तर आई हसते, म्हणते, ज्वारी सोडलीस का रे," तो म्हणाला. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. आप्पा निवृत्त झाले, चांगुणामावशीचं गुडघ्याचं दुखणं. मग मला राहवेना.

"एक विचारू? तेव्हा मी काहीच बोलले नसते, तर तू पेपर पाठवला असतास?"

त्यानं क्षणभरही विचार केला नाही. "पाठवला असता. प्रबंधातही घातलं असतं. आज परभणीत प्राध्यापक असतो."

सांगायला लाज वाटते, पण मला हायसं वाटलं. इतकं, की मी जवळजवळ हसलेच. पाच वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. म्हणजे मी बोलले ते बरोबरच केलं, निदान आमच्या दोघांत एकीनं तरी!

त्यानं ते माझ्या तोंडावर वाचलं असावं. तांदळाची पिशवी या हातातून त्या हातात घेत तो म्हणाला, "आता मी विचारू का? मला माहीत आहे अन् मी गप्प बसलोय, हे तुला आधी कळलं असतं, तर तू बोलली असतीस?"

मुरबाडची बस लागली होती. माणसं चढत होती, कोंबड्यांची टोपली आधी आत की बाई आधी आत यावर भांडण चाललं होतं. तो चढला नाही. टोमणा मारल्यासारखंही काही त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. त्याला खरंच हवं होतं उत्तर. कंडक्टरनं दोनदा घंटी दिली. शेवटी तोच म्हणाला, "असू दे," आणि धावत जाऊन दांडी पकडली.

'हो' म्हणायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ मी तिथं त्याच्यासमोर उभी होते, आणि मी म्हणाले नाही.